पंख्यासाठी वेगळी लाइट

अ‍ॅम्प्लिफायरवर ओलं पोतं टाकलेलं मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी ओरडलोच. आमच्याकडे उन्हाळ्यात ओलं पोतं कशावर टाकत नाहीत? माठाला गुंडाळतात, कलिंगडांच्या ढिगावर टाकतात, बर्फाच्या लादीवर तर टाकतातच. त्याच हिशेबाने हसनाबादच्या चंद्रभानने ते मी बनवलेल्या अ‍ॅम्प्लिफायरवर टाकलं होतं, आणि वर मलाच समजावत होता.

"लईच तापत व्हता ना पारसभाऊ, म्हणून गार करून राह्यलो. झाकण बराबर लावेल हाये, पानी आत जात न्हाई."

पाणी आत गेलं. ती वरात मग नुसत्या ढोलकीवर पुढे सरकली, आणि अ‍ॅम्प्लिफायर दुसऱ्या दिवशी एसटीच्या टपावर बसून माझ्याकडे जालन्याला आला.

चंद्रभानची बँजो पार्टी होती. ज्यांनी मराठवाड्यातली लग्नं पाहिली नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. एक हातगाडा, त्यावर दोन मोठे भोंगे, अ‍ॅम्प्लिफायर आणि बँजो. मागे दुसऱ्या गाड्यावर जनरेटर. नवरदेव घोड्यावर बसून मारुतीच्या दर्शनाला निघाला की पुढे बँजो, आणि बँजोपुढे नाचणारे. लग्नं उन्हाळ्यात, मिरवणूक भर दुपारी, आणि नाचणाऱ्यांना घाई नसते. मंडपात भटजी मुहूर्ताच्या नावाने ओरडत असतात आणि इकडे नवरदेवाचे मामा अजून पारापर्यंत पोचलेले नसतात. एवढा वेळ तो पत्र्याचा डबा उन्हात तापत राहतो. आत ट्रान्झिस्टर असतात, तेच आवाज मोठा करतात आणि तेच तापतात. त्यांना गार ठेवायला अ‍ॅल्युमिनियमची खाचा पाडलेली जाड पट्टी बसवतात. जानेवारीत ती पुरते. मे महिन्यात त्या पट्टीवर पापड भाजून निघेल.

आता माझ्याबद्दल. जालन्याच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारपेठेत, आमचं चार पिढ्यांपासून अडतीचं दुकान. आम्ही मारवाडी जैन. पोराने मोठं झालं की मोंढ्यात जाऊन गादीवर बसायचं, यात विचारण्यासारखं काही नसतं. मला मात्र शाळेपासून रेडिओ उघडायचा नाद. पुढे टपालाने रेडिओचा कोर्स केला आणि दुकानामागच्या गोदामात, बारदानाच्या थप्प्यांमधून एक टेबल शिरवून, दुरुस्तीची कामं घेऊ लागलो. हळूहळू स्वतःचे अ‍ॅम्प्लिफायर बनवायला लागलो.

बाबूजींना, म्हणजे माझ्या वडिलांना, यातलं सगळ्यात जास्त काय खुपत असेल तर ते म्हणजे आवाज. आमचे महाराजसाहेब, म्हणजे जैन साधू, जीवहिंसा नको म्हणून व्याख्यानाला माइक वापरत नाहीत, डोक्यावर पंखाही चालत नाही. अशा घरातला मुलगा माइकची यंत्रं बनवतो आणि आता त्यांना पंखे बसवायचे म्हणतो, हे ते जैन स्थानकातल्या, आमच्या उपासनेच्या जागेतल्या, मित्रांना कोणत्या तोंडाने सांगणार? घरात आम्ही मारवाडी बोलायचो. पण बाबूजींना एखादी गोष्ट पक्की सांगायची असली की ते दुकानातल्या मराठीवर यायचे. ती मराठी ऐकली की आई आत निघून जायची.

त्या वर्षी गुढीपाडव्याला ते असेच मराठीवर आले.

"पारस, हे खुळखुळे बहुत झाले. आखातीजपर्यंत बघ. एक तरी वस्तू अशी दाखव, जी बनवली, इकली आन् परत दुरुस्तीला न्हाई आली. न्हाई जमलं तर आखातीजच्या मुहूर्तावर गादीवर बसायचं. मंजूर?"

आखातीज म्हणजे अक्षय्य तृतीया, जेमतेम महिन्यावर आलेली. मी मंजूर म्हणालो. दुसरं काय म्हणणार? दिवाळीला लक्ष्मीपूजनाच्या वेळी ते दुकानातल्या प्रत्येक वस्तूला कुंकू लावत. काट्याला, मापांना, तिजोरीला, टेलिफोनला, पंख्याच्या बटणालासुद्धा. मुनीमजी मागे थाळी घेऊन. माझ्या गोदामापाशी मात्र थाळी उंबऱ्यावरून परत फिरायची. दरवर्षी त्या वेळी मी उगाच टेबल आवरून बसायचो.

तर चंद्रभानचा तो भिजलेला अ‍ॅम्प्लिफायर माझ्या टेबलावर होता आणि आखातीज डोळ्यांसमोर. चंद्रभाननेही स्वतःची पार्टी काढायला, ज्यांच्याकडे शिकला त्या उस्तादांची पार्टी सोडली होती, म्हणजे त्याचंही सगळं पणाला लागलेलं. आखातीजच्या आदल्या आठवड्यात हसनाबादच्याच रंगनाथ पाटलांच्या मुलाचं लग्न होतं, त्याची सुपारी त्याने घेतली होती. पाटलांचं धान्य आमच्याच अडतीला यायचं, म्हणजे बाबूजींना पहिलं आमंत्रण. माझी परीक्षा कुठे होणार हे कुणी न सांगता ठरलं.

गार करायला वारा पाहिजे हे उघड होतं. आधी चंद्रभानने टेबल फॅन आणला. तो हातगाड्यावर बसेना, आणि गल्लीत चाचणी घेतली तर येणारेजाणारे त्याच्यापुढे उभे राहून घाम वाळवू लागले. अ‍ॅम्प्लिफायरला वारा मिळालाच नाही. मग मला बंद पडलेल्या एका कंप्युटर क्लासच्या भंगारात तळहाताएवढा चौकोनी पंखा सापडला. डब्याच्या पाठीला भोक पाडून तो बसवला तर असा शोभला, की मी आणि चंद्रभान बराच वेळ नुसते बघत बसलो.

पंखा चालतो बारा व्होल्टवर. मला वाटलं, अ‍ॅम्प्लिफायरच्या आतूनच दोन तारा काढून देऊ, फुकटात काम. दिल्या. पंखा फिरला, आणि भोंग्यातून बँजोच्या मागे पिठाची गिरणी सुरू झाली. कारण सोपं आहे. एकाच विहिरीवर दोन मोटा चालवल्या की एकीच्या हिसक्याने दुसरीचं पाणी डचमळतं, तसं पंख्याचं घरघरणं आवाजात उतरत होतं. ते गाळायला जे सुटे भाग लागले असते, त्यांच्या किमतीत दुसरा पंखा आला असता.

"पारसभाऊ, पंख्याला येगळी लाइट द्या की," चंद्रभान म्हणाला.

"कुठून देऊ? बारा व्होल्ट काय नळाला येतात?"

यावर उत्तर दिलं ते साळवे भाऊसाहेबांनी. हे माझं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. बदनापूरहून जालन्याच्या एका कचेरीत रोज ये-जा करायचे. संध्याकाळी कचेरी सुटली की गाडीला वेळ असायचा, तेवढा ते माझ्या गोदामात घालवत. बसायला निमित्त पाहिजे म्हणून त्यांचा रेडिओ कायमचा माझ्याकडे दुरुस्तीला. मी दोनदा तो पूर्ण बरा केला, तर दोन्ही वेळा म्हणाले, "अजून थोडी खरखर वाटते. राहू दे, घाई नाही." त्या दिवशी त्यांनी आपल्या रेडिओचा एलिमिनेटर पुढे केला. एलिमिनेटर म्हणजे तुम्ही आज ज्याला अडॅप्टर म्हणता ती डबी. भिंतीतली जोराची वीज घेते आणि रेडिओला सोसेल एवढी देते. भाऊसाहेबांचा सहा व्होल्टचा होता. त्यावर पंखा जेवून उठल्यासारखा फिरला, पण गिरणी बंद झाली. बँजो स्वच्छ.

म्हणजे जनरेटरवर लावायला बारा व्होल्टची एक डबी मिळाली की झालं. चांगली डबी औरंगाबादला मिळत होती. तिची किंमत ऐकून मी फोन ठेवला. मारवाड्याचा मुलगा आहे मी. भंगारातल्या पंख्याला त्याच्यापेक्षा महाग जेवण कसं घालणार? आणि चंद्रभानला तेवढी परवडणारही नव्हती.

स्टेशनरोडवर एक स्वस्त एलिमिनेटर मिळायचा. तीन, सहा, नऊ, बारा, पाहिजे तितके व्होल्ट खटका सरकवून घ्यायचे. मी खूश. गल्लीतल्या एका बारशात लावून पाहिला. हातगाडा गटाराच्या ढाप्यावरून गेला, हिसका बसला, आणि खटका आपोआप बारावरून तीनवर आला. पंखा थांबलेला कुणाला कळलाच नाही, कळलं ते वास आल्यावर. मग मी खटका लाखेने पक्का केला, तर त्या डबीने आतूनच राम म्हटला. तिच्यावर जे छापलं होतं ते छापणाऱ्याची इच्छा होती, एवढंच.

मग एकदा मोंढ्यातून जाताना माझ्या डोक्यात उजेड पडला. तेव्हा व्यापाऱ्यांमध्ये बिनतारी रिसिव्हरच्या टेलिफोनची नवी हवा होती. प्रत्येक दुकानात तो फोन, आणि प्रत्येक फोनला स्वतःची डबी. वळवाच्या पावसात वीज कडाडली की फोन जायचा. डबी राहायची. आणि मोंढ्यात कुणी वस्तू फेकत नाही. फोन मेला तरी डबी कुठल्यातरी खिळ्याला लटकलेली असणार याची मला शंभर टक्के खात्री होती, कारण मी त्याच लोकांतला.

मी पिशवी घेऊन दुकानोदुकानी निघालो. "काकासा, जुन्या फोनची डबी आहे का?" प्रत्येक ठिकाणी आधी चहा, मग चौकशी, मग उपदेश, आणि शेवटी डबी. एकाने डबी दिली आणि वर मेलेला फोनही गळ्यात मारला. एक म्हणाला, "देतो, पण चालू झाली तर परत आणून दे." पिशवी भरली. गोदामात बसून एकेक तपासली. काहींतून आलटूनपालटून वाहणारी वीज येत होती, तिच्यावर हा पंखा हलत नाही. काही नऊच्या. काही मेलेल्या. बारा व्होल्टची, नीट चालणारी, अशी एकच निघाली. तिच्यावर पंखा असा सुटला की टेबलावरचे कागद उडाले.

पण पिशवी घेऊन फिरलेलं बाबूजींच्या कानावर माझ्याआधी पोचलं. संध्याकाळी ताटावर बसताना ते मराठीत म्हणाले, "मोंढ्यात तुझ्या आज्याचं नाव हाये. आन् तू झोळी घेऊन फिरून राह्यला?"

आई आत गेली. मी म्हणालो, "बाबूजी, भीक नाही मागितली. भंगार मागितलं."

"फरक मला सांग," ते म्हणाले आणि जेवू लागले. त्या दिवशी मी पहिल्यांदा मनातल्या मनात गादीवर बसून पाहिलं. बसता आलं असतं, अगदीच काही वाईट नव्हतं. पण हातांचं काय करायचं हे कळेना.

पाटलांच्या लग्नाला मी अ‍ॅम्प्लिफायरबरोबर सकाळीच हसनाबादला गेलो. बाबूजी नंतर जीपने आले. पाटलांनी त्यांना गुलाबी फेटा बांधला आणि मंडपात पुढच्या खुर्चीवर बसवलं. उन्हाळा असूनही अंगात बंद गळ्याचा कोट, कारण लग्नाला ते कोटाशिवाय जात नसत.

मिरवणूक निघाली. चंद्रभानने बँजोवर हात टाकला आणि गाव हललं. मी गाड्याच्या मागे चालत होतो. दर थोड्या वेळाने पंख्यापुढे तळहात धरायचो. वारा येत होता. गरम, पण येत होता. पट्टीला बोट लावलं तर टेकवता येत होतं. मामा नाचले, काका नाचले, नंतर शाळेचे हेडमास्तर नाचले. आवाज जरासुद्धा बसला नाही. चंद्रभान माझ्याकडे वळून हसला. मी इतका आनंदात होतो की मीसुद्धा एक पाय उचलला असता.

पारापाशी नवरदेवाच्या मित्रांनी "आवाज! आवाज!" करून गलका केला. चंद्रभान आवाज वाढवणार, तेवढ्यात जनरेटरवाल्याने त्याच्या बुद्धीप्रमाणे मदत केली. त्याने जनरेटरची रेस वाढवली. इंजिन जोरात, तशी वीजही जोरात. माझा अ‍ॅम्प्लिफायर असले धक्के धरून बांधलेला होता. डबी बिचारी टेलिफोनसाठी जन्मलेली. तिच्यातून धुराची एक बारीक रेघ निघाली आणि पंखा थांबला.

"बंद कर! चंद्रभान, बंद कर आधी!"

बँजो थांबला. नाचणारे हात वर असतानाच थांबले. आणि गर्दीतून कुणीतरी मोठ्या उत्साहाने ओरडलं, "पोतं आना रे, पोतं! वलं करून आना!"

लोक भले असतात. दोघे जण खरंच हौदाकडे पळाले आणि पाणी गळणारं पोतं घेऊन आले. मी दोन्ही हात पसरून अ‍ॅम्प्लिफायरवर आडवा पडलो. "हात लावू नका! कुणी हात लावू नका!" पत्रा छातीला भाजत होता. चंद्रभानचा चेहरा मला अजून आठवतो. तो नुसता बँजोच्या तारा पुसत राहिला. त्याची ही पहिली मोठी सुपारी, आणि बघणारं त्याचंच गाव.

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली. गुलाबी फेटा घातलेले बाबूजी मंडपातून चालत आले होते. मला वाटलं आता मराठी ऐकायला मिळणार, ती मिळालीही.

"उठ. काय जळलं?"

"पंख्याची डबी."

त्यांनी कोटाच्या आतल्या खिशात हात घातला आणि एक डबी बाहेर काढली. तार नीट गुंडाळलेली, वर पोतं शिवायच्या सुतळीची गाठ.

"ही चालती का बघ."

"बाबूजी, तुम्ही ही..."

"मोंढ्यात एका काट्यावर कोनी दुकान मांडत न्हाई. तू आलास एकच डबी घेऊन. जल्दी कर, लोक उन्हात हायेत." मग जनरेटरवाल्याकडे वळून, "आन् तू रं, हात मागं बांध. आवाज वाढवायचा तर तो वाढवील."

सुतळी सोडताना डबीच्या पाठीवर कुंकवाचा वाळलेला ठिपका दिसला. मग मला कळलं. ही भंगारातली नव्हती. ही आमच्या दुकानातल्या चालू टेलिफोनची होती. बारा व्होल्टची, मोंढ्यातली सगळ्यात चांगली, जी मागायची मला छाती झाली नव्हती. मला तिथेच रडू येईल असं वाटलं. पण हातात स्क्रूड्रायव्हर होता आणि शंभर माणसं बघत होती, म्हणून तारा जोडल्या. पंखा फिरला. मी जनरेटरपाशी जाऊन त्याच्या रेसच्या दांडीवर हात ठेवून उभा राहिलो, तो अक्षता पडेपर्यंत हललो नाही. चंद्रभानने त्या दिवशी जे वाजवलं तसं पुन्हा कधी वाजवलं नाही, असं हसनाबादचे लोक सांगतात. मला ते नीट ऐकूच आलं नाही, माझा कान जनरेटरकडे होता.

दुसऱ्या दिवशी दुकानात मुनीमजी मला बाजूला घेऊन म्हणाले, "भय्या, काल काय झाल्तं? ऐन गव्हाचा सीझन, आन् दिवसभर फोन मेल्यासारखा पडेल. लातूरवाले, हिंगोलीवाले, सगळे आज भांडून राह्यलेत. मी शेठना इचारलं तर म्हणले, लाइन खराब व्हती."

मीही म्हणालो, "असेल."

बाबूजींनी फोनसाठी औरंगाबादहून नवी डबी मागवली, तीच महागडी. किमतीबद्दल चकार शब्द काढला नाही. आखातीज आली. सकाळी मी अंघोळ करून, धुतलेले कपडे घालून बसलो होतो. बाबूजी चप्पल घालून एकटेच दुकानाला निघाले. मी विचारलं, "मी येऊ?" ते मारवाडीत म्हणाले, "कशाला? तुला काम नाही का?"

पुढे मी बरेच अ‍ॅम्प्लिफायर बनवले, प्रत्येकाला पंखा आणि पंख्याला वेगळी लाइट. मोंढ्यातले खिळे मी रिकामे केले. दोन डब्या देण्याची पद्धत ठेवली, एक लावलेली आणि एक सुतळी बांधलेली. साळवे भाऊसाहेबांचा रेडिओ त्यांच्या निवृत्तीपर्यंत माझ्याकडे दुरुस्तीला राहिला. नंतर मोठमोठ्या पेट्यांचे डीजे आले आणि बँजो पार्ट्या एकेक करून बसल्या. चंद्रभान आता भजनाला वाजवतो. छोटा अ‍ॅम्प्लिफायर पुरतो, तापत नाही. हातगाड्यामागे चालत पंख्यापुढे तळहात धरायची माझी सवय मात्र वाया गेली, आणि तिचं मला वाईट वाटतं.

पण सांगायचं राहिलं ते त्याच वर्षीच्या दिवाळीचं. चंद्रभानचा अ‍ॅम्प्लिफायर सीझनआधी तपासायला माझ्याकडे आलेला होता. लक्ष्मीपूजन झालं. बाबूजी काट्याला, मापांना, तिजोरीला कुंकू लावत गोदामाच्या उंबऱ्यापर्यंत आले. मी टेबल आवरून बसलेला होतोच. मुनीमजी सवयीने थाळी घेऊन वळले, तर बाबूजी म्हणाले, "इकडं आना." ते आत आले. माझ्या सोल्डरिंग आयर्नला कुंकू लावलं, मीटरला लावलं, अ‍ॅम्प्लिफायरच्या कपाळाला लावलं. मग त्यांचं लक्ष मागे लोंबणाऱ्या डबीकडे गेलं.

मी म्हणालो, "बाबूजी, तिला आधीचं लागलेलं आहे."

त्यांनी डबी हातात घेऊन उलटी केली, तो जुना ठिपका अंगठ्याने पुसला.

"ते फोनचं व्हतं," ते म्हणाले, आणि नवीन लावलं.